पंप-नियंत्रक बोर्डावरील पिनांची मांडणी : दोष कसा शोधावा

जमिनीतील ओल मोजून पंप आपोआप चालू वा बंद करणारी छोटी संगणक-साधने आता काही बागायती शेतांवर दिसू लागली आहेत. तळहातावर मावेल एवढ्या बोर्डावर ती उभारलेली असतात. किंमत बेताची, जोडणी सुटसुटीत व सुटे भाग तालुक्याच्या गावी वा टपालाने मिळण्याजोगे असल्याने आयटीआयमध्ये शिकलेला गावातील तरुणही असे साधन तयार करू शकतो. परंतु जोडणी सोपी असली म्हणजे बिघाड शोधणेही सोपे असते, असे नाही. ओल पुरेशी असूनही पंप थांबत नाही. वीज जाऊन परत आली की पंप क्षणभर फिरतो. विहीर तळाला गेली तरी साधनास पाणी दिसतच राहते, असे प्रकार घडतात. अशा वेळी कोणी प्रोग्रॅम पुन्हा लिहावयास घेतो, कोणी संवेदक बदलतो, तर कोणी नवा बोर्ड आणतो. पुष्कळदा या तिघांतही खोट नसते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार होतो. खोट असते ती बोर्डाच्या पिनांच्या मांडणीत.

ही खोट क्षुल्लक समजून चालणार नाही. रात्रभर पाणी चालू राहिले तर द्राक्ष वा डाळिंबाच्या मुळांभोवती वाफसा राहत नाही, मुळे गुदमरतात व दिलेले खत धुपून जाते. कोरड्या विहिरीत चालत राहिलेला पाणबुडी पंप जळून जातो. शेतीपंपाची वीज बहुधा ठराविक तासांपुरतीच असते व ती येते तेव्हा शेतावर कोणी हजर असेलच असे नाही. म्हणून ज्या साधनावर पंप सोपवावयाचा, त्याच्या पिना नीट तपासण्याची रीत शेतकरी बंधूंनी व त्यांच्या घरच्या तरुणांनी जाणून घेतली पाहिजे. सर्वत्र प्रचलित असलेल्या रास्पबेरी पाय या बोर्डाच्या आधाराने ती रीत येथे सांगितली आहे.

पिनांची रचना

रास्पबेरी पाय हा बोर्ड इंग्लंडमधील केंब्रिज येथे तयार करण्यात आला व फेब्रुवारी २०१२ मध्ये विक्रीस आला. २०१४ सालच्या बी-प्लस नमुन्यापासून त्याच्या मुख्य नमुन्यांवर ४० पिनांची रांग आहे. या पिना दोन ओळींत असतात. एका ओळीत विषम व दुसरीत सम क्रमांक येतात. चाळीसपैकी दोन पिनांवर ३.३ व्होल्ट, दोनांवर ५ व्होल्ट व आठांवर ग्राउंड असते. २७ व २८ क्रमांकाच्या दोन पिना वर बसवावयाच्या जोडपट्टीची ओळख पटविण्यासाठी राखून ठेवलेल्या आहेत. उरलेल्या २६ पिना शेतकऱ्याच्या कामाच्या होत. या पिनांना जीपीआयओ, म्हणजे सर्वसाधारण कामाच्या पिना, असे म्हणतात.

अशी प्रत्येक पिन पाटाच्या दारासारखी आहे. पाटाला डावीकडे एक दार, उजवीकडे एक दार असले तरी दारे धरणारा मनुष्य ज्या बाजूचे दार उघडील तिकडेच पाणी जाते. तसेच एकच पिन कधी बाहेरील संकेत आत घेते, कधी बोर्डाचा आदेश बाहेर पाठविते, तर कधी एखाद्या खास कामाला जुंपली जाते. एका वेळी यांपैकी एकच काम चालते. कोणते काम चालावे हे चिपमधील नोंद ठरविते व ती नोंद करणे यालाच पिनेची मांडणी म्हणतात.

ही मांडणी बिनचूक होण्यास तीन गोष्टींचा मेळ बसावा लागतो : पिनेचा क्रमांक, पिनेचे काम आणि पिनेवरील विजेची पातळी. तार, प्रोग्रॅम व बोर्ड या तिघांचे या तीन गोष्टींविषयी एकमत असेल तरच साधन चालते. दोष शोधणे म्हणजे कोणत्या गोष्टीविषयी त्यांचे एकमत नाही, हे क्रमाने पाहणे होय.

नमुन्याची जोडणी

समजुतीसाठी एक साधी जोडणी घेऊ या. जमिनीतील ओल मोजणारा संवेदक कमी-अधिक व्होल्टता देतो. परंतु रास्पबेरी पायच्या पिनांना केवळ ‘आहे’ वा ‘नाही’ एवढेच कळते. म्हणून मध्ये एडीएस-१११५ हा परिवर्तक बसवावा लागतो. तो आय-टू-सी पद्धतीने ३ व ५ क्रमांकाच्या पिनांना जोडलेला आहे. जमिनीचे तापमान सांगणारा डीएस-१८-बी-२० संवेदक ७ क्रमांकाच्या पिनेवर आहे. पंपाच्या स्टार्टरला आदेश देणारा रिले ११ क्रमांकावर, विहिरीतील फ्लोट स्विच १३ क्रमांकावर व पाइपातील पाणी मोजणारा प्रवाहमापक १५ क्रमांकावर आहे.

पहिला मेळ : क्रमांक

एकाच माणसाला घरी एक नाव, शाळेत दुसरे व सातबाऱ्यावर तिसरे असावे, तशी प्रत्येक पिनेची स्थिती आहे. रांगेतील जागेवरून मोजलेला तो जागा-क्रमांक. चिप तयार करणाऱ्याने दिलेला तो चिप-क्रमांक. वायरिंग-पाय या जुन्या प्रोग्रॅम-संग्रहाने दिलेला तिसरा क्रमांक निराळाच. रांगेत अकराव्या जागी असलेल्या पिनेचा चिप-क्रमांक १७ आहे आणि वायरिंग-पायच्या पद्धतीने तिचा क्रमांक ० आहे. तिन्ही क्रमांक बरोबरच आहेत. घोटाळा होतो तो एकाच्या जागी दुसरा घेतल्याने.

प्रोग्रॅममध्ये ‘१७’ असे लिहिलेले आहे. जोडणी करणाऱ्याने रांगेतील सतरावी जागा मोजून तेथे रिलेची तार लावली. सतराव्या जागी कोणतीही कामाची पिन नसून कायमचे ३.३ व्होल्ट आहेत. उच्च संकेतावर चालू होणारा रिले तेथे लागताच चालू होतो आणि प्रोग्रॅमने कितीही वेळा ‘बंद’ म्हटले तरी तो बंद होत नाही. प्रोग्रॅमचा आदेश अकराव्या जागी व्यवस्थित पोहोचत असतो, पण तेथे तारच नसते. रात्रभर पंप चालू राहण्याचे हे अगदी साधे, परंतु महाग पडणारे कारण होय.

अशीच गफलत इतर क्रमांकांतही होते. चिप-क्रमांक २७ ची पिन तेराव्या जागी आहे, तर सत्ताविसावी जागा राखीव आहे. चिप-क्रमांक २२ ची पिन पंधराव्या जागी आहे, तर बाविसाव्या जागेवर चिप-क्रमांक २५ आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने कोणती मोजणी धरली आहे हे प्रथम पाहावे. जीपीआयओ-झिरो हा संग्रह आपणहून चिप-क्रमांक धरतो. आरपीआय-जीपीआयओ या संग्रहात मात्र कोणती मोजणी हवी ते आरंभीच लिहावे लागते.

जुने लेख वा जुने नकाशे पाहून जोडणी करतानाही सावध असावे. २०१२ सालीच या बोर्डाची दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा तेराव्या जागेवरील चिप-क्रमांक २१ बदलून २७ झाला व तिसऱ्या आणि पाचव्या जागेवरील क्रमांक ० व १ बदलून २ व ३ झाले. २०२३ साली आलेल्या पाय ५ या नमुन्यात पिनांच्या जागा त्याच राहिल्या, परंतु त्यांचा कारभार मुख्य चिपकडून आरपी-१ या वेगळ्या चिपकडे गेला. त्यामुळे जुना आरपीआय-जीपीआयओ संग्रह पाय ५ वर चालत नाही. तारा जशाच्या तशा ठेवून केवळ बोर्ड बदलला आणि साधन मुके झाले, तर हे कारण आधी आठवावे.

दुसरा मेळ : काम

काही पिनांना खास कामे नेमून दिलेली आहेत. ती कामे चालू असताना त्याच पिनेकडून दुसरे काम घेता येत नाही, आणि ती कामे चालू केलेली नसतील तर त्या पिनेवरचे साधन बोलत नाही. दोन्ही बाजूंनी दोष संभवतो.

ओलीचा परिवर्तक ३ व ५ क्रमांकांवर अचूक जोडला असूनही सापडत नसेल, तर बोर्डाच्या ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये आय-टू-सी चालू केले आहे की नाही ते पाहावे. ‘आय-टू-सी-डिटेक्ट’ ही आज्ञा दिली असता परिवर्तकाचा पत्ता दिसला पाहिजे. एडीएस-१११५ चा नेहमीचा पत्ता सोळाच्या मोजणीत ४८ असा दिसतो. या फाइलबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०२३ च्या ‘बुकवर्म’ आवृत्तीपासून ती ‘बूट’ या कप्प्यातून त्याच्या आतील ‘फर्मवेअर’ कप्प्यात गेली आहे. जुन्या माहितीनुसार जुन्या जागी केलेला बदल वाया जातो व बदल करूनही काही होत नाही असे वाटते.

याच्या उलट, खास काम चालू असलेली पिन दुसऱ्यास दिल्यास प्रोग्रॅम ती ‘व्यस्त’ असल्याचे सांगतो. तापमानाच्या संवेदकासाठी वन-वायर पद्धत चालू केली की सातव्या जागेवरील चिप-क्रमांक ४ ची पिन तिच्या ताब्यात जाते. एसपीआय पद्धत चालू असेल तर १९, २१, २३, २४ व २६ या जागांवरील पिना तिच्याकडे जातात. ज्या पद्धतीची गरज नाही ती बंद करावी, किंवा ज्या पिनेला असे काम नेमलेले नाही ती निवडावी.

आठव्या जागेवरील पिनेविषयी विशेष सूचना आवश्यक आहे. ती बोर्डाच्या बोलण्याची, म्हणजे सिरियल संदेश बाहेर पाठविण्याची पिन आहे. सिरियल कन्सोल चालू असल्यास बोर्ड सुरू होताना तिच्यावरून अक्षरांचे संकेत भराभर बाहेर पडतात. तेथे रिले जोडलेला असेल तर तो टकटक वाजू लागतो व स्टार्टरला चुकीचे आदेश जातात. पंपाचा रिले या पिनेवर ठेवू नये.

तिसरा मेळ : पातळी

रास्पबेरी पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. त्यांच्यावर ५ व्होल्टचा संकेत सरळ आणल्यास पिन, व प्रसंगी सर्व चिपच, निकामी होते. ५ व्होल्टवर चालणारा प्रवाहमापक ५ व्होल्टचे स्पंद देत असेल, तर मध्ये दोन रोधकांचा विभाजक घालावा. संकेताच्या तारेत १० हजार ओहमचा व पिनेपासून ग्राउंडला १५ हजार ओहमचा रोधक घातला म्हणजे पिनेवर ३ व्होल्ट येतात व तेवढे पुरेसे होतात.

एका पिनेतून १६ मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह घेऊ नये. ५ व्होल्टच्या लहान रिलेच्या गुंडाळीला सुमारे ७० मिलिअँपिअर लागतात. म्हणून नुसता रिले पिनेला कधीही जोडू नये. ट्रान्झिस्टर व डायोड बसविलेली तयार रिले-पट्टीच घ्यावी. तीही ३.३ व्होल्टच्या संकेतावर पूर्णपणे लागणारी व पूर्णपणे सुटणारी असावी. ५ व्होल्टच्या संकेतासाठी केलेल्या काही पट्ट्या ३.३ व्होल्टवर अर्धवट वागतात.

आत येणाऱ्या संकेताच्या पिनेला एक आधार द्यावा लागतो. स्विच तुटलेला असताना पिनेला ना वरचा धागा असतो, ना खालचा. ती वाऱ्यावरच्या पताकेसारखी हेलकावे खाते व जवळून जाणाऱ्या मोटारीच्या तारेचाही परिणाम तिच्यावर होतो. तिला ३.३ व्होल्टकडे ओढून धरणाऱ्या रोधकास पुल-अप व ग्राउंडकडे ओढणाऱ्यास पुल-डाउन म्हणतात. चिपमध्ये असे रोधक आहेत, पण ते सुमारे ५० हजार ओहमचे, म्हणजे दुबळे असतात. बोर्डाजवळच्या बटणास ते पुरतात. विहिरीपर्यंत गेलेल्या लांब तारेस पुरत नाहीत. लांब तारेसाठी पिनेपासून ३.३ व्होल्टला ४.७ हजार ओहमचा बाहेरचा रोधक लावावा, पीळ दिलेली जोडतार वापरावी व ती मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये.

फ्लोट स्विच पिन व ग्राउंड यांच्या मध्ये जोडला, पण पुल-अप लावला नाही, तर स्विच जुळो वा तुटो, पिन शून्यच दाखविते. कारण चिप-क्रमांक २७ ची पिन मुळातच खाली ओढलेली असते. विहीर कोरडी पडली तरी साधनास पाणी दिसत राहण्याचे हे कारण आहे.

येथे एक सुरक्षिततेचा नियम पाळावा. विहिरीत पाणी असताना स्विच जुळलेला व पाणी संपल्यावर तुटलेला असेल अशी रचना करावी. पुल-अपमुळे जुळलेला स्विच शून्य व तुटलेला स्विच एक दाखवील. प्रोग्रॅमने शून्य असेल तरच पंप चालवावा. उंदराने तार कुरतडली किंवा कुदळीने ती तुटली, तरी साधनास ती ‘पाणी नाही’ अशीच दिसते व पंप थांबतो. दोष झालाच तर तो पंप थांबविणारा असावा, चालविणारा नसावा.

सर्व संवेदकांचे ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडशी जोडलेले असले पाहिजे. एरवी संकेताला परतीची वाट राहत नाही. परंतु हे ग्राउंड म्हणजे मोटारीचे अर्थिंग नव्हे. या दोन तारा एकमेकींना जोडू नयेत.

वीज येते तो क्षण

वीज आल्यापासून प्रोग्रॅम सुरू होईपर्यंत काही सेकंद जातात. एवढ्या वेळात पिनेचा धनी कोणीच नसतो. या काळात प्रत्येक पिन आत येणाऱ्या संकेताची असते व तिला जन्मतः मिळालेली दुबळी ओढ तेवढी लागू असते. पाय ४ पर्यंतच्या नमुन्यांत चिप-क्रमांक ० ते ८ च्या पिना वर व ९ ते २७ च्या पिना खाली ओढलेल्या असतात. दिवसातून अनेकदा वीज जाणाऱ्या शेतावर या काही सेकंदांना फार महत्त्व आहे.

बाजारातील पुष्कळ रिले-पट्ट्या उलट्या रीतीच्या असतात : संकेत शून्य झाला की रिले लागतो व उच्च झाला की सुटतो. अशी पट्टी चिप-क्रमांक १७ वर असेल व प्रोग्रॅमने पिन ‘बाहेर’ म्हणून मांडताना आरंभीची पातळी सांगितली नसेल, तर पिन बहुधा शून्यावर येते आणि क्षणभर पंप लागतो. वीज आली की पंपाला बसणारा झटका हा असा असतो.

यावर तीन उपाय एकत्र करावेत. पहिला, पिन मांडतानाच तिची आरंभीची पातळी ‘रिले सुटलेला’ अशी लिहावी. दुसरा, ‘कॉन्फिग’ फाइलमध्येही त्या पिनेची दिशा व पातळी नोंदवावी, म्हणजे प्रोग्रॅमच्या आधीच ती लागू होते. तिसरा, ती फाइल वाचली जाण्यापूर्वीचे क्षणही सुरक्षित राहावेत म्हणून पट्टीच्या रीतीस अनुकूल ओढ असलेली पिन निवडावी. उलट्या रीतीच्या पट्टीस चिप-क्रमांक ५ किंवा ६, म्हणजे एकोणतिसावी वा एकतिसावी जागा, सोयीची आहे. सरळ रीतीच्या पट्टीस चिप-क्रमांक १७ योग्य आहे.

तपासणीचा क्रम

दोष दिसताच तारा ओढू नयेत व प्रोग्रॅमही बदलू नये. पुढील क्रमाने जावे.

१. पंपाच्या स्टार्टरची मुख्य वीज बंद करावी व रिलेपासून स्टार्टरकडे जाणाऱ्या तारा सोडवाव्यात. थ्री-फेजच्या बाजूचे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे. पुढील सर्व तपासणी पंपाविना करावी.

२. बोर्डाची वीज बंद करून प्रत्येक तार कोणत्या जागेवर आहे ते कागदावर लिहावे. एक क्रमांकाच्या पिनेची खूण म्हणजे बोर्डाच्या मागील बाजूस असलेला तिचा चौकोनी डाग. इतरांचे डाग गोल असतात. प्रत्येक जागेसमोर तिचा चिप-क्रमांक लिहून तो प्रोग्रॅममधील क्रमांकाशी ताडून पाहावा. ‘पिनआउट’ ही आज्ञा दिली असता त्या बोर्डाचा नकाशा पडद्यावर दिसतो.

३. वीज चालू करून मल्टिमीटरने पहिल्या व सहाव्या जागेमध्ये ३.३ व्होल्ट, आणि दुसऱ्या व सहाव्या जागेमध्ये ५ व्होल्ट आहेत ना हे पाहावे. ते नसतील तर दोष पिनेत नसून पुरवठ्यात आहे. मीटरचे टोक शेजारच्या दोन पिनांना एकदम लागू देऊ नये.

४. ‘पिन-कंट्रोल’ या आज्ञेने संशयित पिनेची स्थिती वाचावी. जुन्या प्रणालीवर हेच काम ‘रास्पी-जीपीआयओ’ करते. पिन आत घेणारी आहे, बाहेर देणारी आहे की खास कामावर आहे. ओढ वर आहे की खाली. आणि पातळी उच्च आहे की शून्य, हे तेथे दिसते. जे असावयास हवे ते व जे आहे ते शेजारी शेजारी लिहावे. पुष्कळ दोष येथेच सापडतात.

५. बाहेर देणाऱ्या पिनेवरील तार काढून तिच्या जागी ३३० ओहमचा रोधक व एक एलईडी लावावा. पिन उच्च केली असता तो पेटावा व मीटरने सुमारे ३.३ व्होल्ट दाखवावेत. शून्य केली असता विझावा. एलईडी नीट चालतो, पण रिलेची तार लावताच पातळी खचते, असे झाले तर दोष पट्टीत वा तारेत आहे. एलईडीही चालत नसेल व ‘पिन-कंट्रोल’ मात्र उच्च दाखवीत असेल, तर प्रथम जागा पुन्हा मोजावी व मगच पिन जळाल्याचा संशय घ्यावा.

६. आत घेणाऱ्या साध्या पिनेवरील तार काढून ती १ हजार ओहमच्या रोधकातून आळीपाळीने ३.३ व्होल्टला व ग्राउंडला लावावी. वाचन एक व शून्य असे बदलले तर पिन निर्दोष आहे व शोध तारेच्या पलीकडे न्यावा. रोधक अवश्य लावावा; कारण ती पिन चुकून ‘बाहेर’ मांडलेली असेल तर सरळ जोडणीने तिला इजा होते.

७. एलईडी रिलेच्या जागी ठेवून बोर्डाची वीज निदान पाच वेळा घालवावी व आणावी. एकदाही एलईडीने पंप चालू असल्याचा संकेत देता कामा नये.

८. एवढे झाल्यावर प्रथम रिले-पट्टी, मग स्टार्टर व शेवटी पंपाची वीज, अशा क्रमाने जोडणी पूर्ण करावी व पहिल्या पाळीस शेतावर हजर राहावे.

प्रत्येक पायरीवर एकच बदल करावा व त्याचा परिणाम लिहून ठेवावा. दोन बदल एकदम केले व साधन चालू झाले, तर कोणत्या बदलाने चालू झाले ते कळत नाही आणि तोच दोष पुन्हा आल्यास शोध पहिल्यापासून सुरू करावा लागतो.

पिन खरोखरच जळाली असेल तर दुसरी पिन घेऊन काम निभावते. परंतु ती का जळाली हे शोधण्यापूर्वी दुसरी पिन लावू नये. नाहीतर तिचीही तीच गत होते.

इतर बोर्ड

पंप-नियंत्रकात ईएसपी-३२ ही चिप असलेले बोर्डही पुष्कळ वापरतात. त्यांची तपासणी याच तीन मेळांनी करावी. तपशील तेवढे निराळे आहेत. ईएसपी-३२ च्या मूळ नमुन्यात ३४ ते ३९ या पिना केवळ संकेत आत घेतात व त्यांना आतील पुल-अप नाही. म्हणून त्यांवर रिले चालत नाही व फ्लोट स्विचला बाहेरचा रोधक लागतो. ६ ते ११ या पिना स्मृतीच्या चिपला जोडलेल्या असल्याने त्यांना हात लावू नये. ०, २, १२ व १५ या पिनांची पातळी बोर्ड सुरू होताना पाहिली जाते. तेथे जोडलेल्या संवेदकाने ती बदलली तर बोर्ड सुरूच होत नाही. ओलीचा संवेदक ज्या पिनांवर लावतात त्यांपैकी एडीसी-२ गटातील पिना वाय-फाय चालू असताना उपयोगी पडत नाहीत. एडीसी-१ गटातील पिन निवडावी. बोर्ड कोणताही असो, त्याच्या नेमक्या नमुन्याचा नकाशा हाताशी असल्याशिवाय तार लावू नये.

सारांश

पंप-नियंत्रकाच्या पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस एक कागद कायम चिकटवावा. त्यावर बोर्डाचा नमुना, प्रत्येक तारेचा रंग, तिची जागा, चिप-क्रमांक, काम, ओढ, व कोणत्या पातळीस काय घडते, हे शाईने लिहावे व प्रत्येक दुरुस्तीची तारीख नोंदवावी. जोडणी करणारा तरुण उद्या नोकरीनिमित्त शहरात गेला तरी हा कागद शेतावर राहतो व दुसरा मनुष्य त्यावरून दोष शोधू शकतो.

साप म्हणून भुई धोपटण्यात वेळ व पैसा दोन्ही जातात. क्रमांक जुळतो का, काम जुळते का, पातळी जुळते का, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारले आणि प्रत्येकाचे उत्तर अंदाजाने न देता मीटरने व आज्ञेने घेतले, तर अशा बिघाडांपैकी बहुतेकांचे मूळ सापडते. तसेच वीज गेल्यावर, तार तुटल्यावर व बोर्ड बंद पडल्यावर पंप थांबलेलाच राहील, याची खात्री एकदा तरी स्वतः करून घ्यावी. जे साधन बिघडल्यावरही पिकाचे व मोटारीचे नुकसान करीत नाही, तेच शेतकऱ्याने रात्रीच्या पाळीस विश्वासाने एकटे सोडावे.